अमोनियाचा सेन्सर पेपरमधून पोल्ट्रीच्या शेडपर्यंत कसा न्यायचा?

प्रश्न: "मी छत्रपती संभाजीनगरला भौतिकशास्त्रात पीएचडी करतोय. पॉलिअ‍ॅनिलिन (वीज वाहणारं प्लास्टिक) आणि कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) यांच्या मिश्रणाचा अमोनिया सेन्सर बनवला आहे. तो साध्या तापमानाला चालतो, १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) अमोनियालाही प्रतिसाद देतो. तीन पेपर छापून आले. गाइड म्हणतात, आता याचं उत्पादन व्हायला हवं. कंपनी काढू, कुणाला तंत्रज्ञान देऊ, की आधी सेन्सिटिव्हिटी आणखी वाढवू? सुरुवात कुठून करू?"

उत्तर:

सेन्सिटिव्हिटी वाढवण्याचं काम आजपासून बाजूला ठेवा आणि कंपनीचा विचार निदान वर्षभर लांबवा. या वर्षात एवढंच शोधून काढा: एकाच कृतीनं बनवलेले वीस सेन्सर तीन महिने एकसारखं रीडिंग देतात का, आणि तेही आपल्या मराठवाड्याच्या हवेत. हे एकदा कळलं की बाकीचे निर्णय घेणं पुष्कळ सोपं जातं.

औद्योगिक गॅस डिटेक्टर बनवण्यात आणि तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावरून सांगतोय. विद्यापीठांतून आलेले सेन्सर अधूनमधून आमच्या बेंचवर यायचे. मटेरियल उत्तम असायचं, एसईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो सुरेख असायचे, प्रतिसादाचा आलेख देखणा असायचा. पण सेन्सर एकच असायचा. "असेच आणखी दहा पाठवा" म्हटलं की पुढे काही यायचं नाही. मुलांची मेहनत कमी पडत होती असं अजिबात नाही. दहा सारखे बनवणं हा वेगळा अभ्यास आहे आणि पीएचडीच्या चौकटीत त्याला कुणी जागाच ठेवलेली नसते.

आधी अमोनिया कुणासाठी मोजायचा ते ठरवा. बर्फाचे कारखाने आणि मोठी कोल्ड स्टोरेज अमोनियावर चालतात, तिथे गळतीची भीती असते. जुन्या फॅक्टरी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अमोनियाची आठ तासांची मर्यादा २५ पीपीएम आणि थोड्या वेळासाठीची ३५ पीपीएम होती. ३०० पीपीएमला तर जिवावरच बेतू शकतं. म्हणजे तिथल्या माणसाला १ पीपीएम कळून काहीच करायचं नसतं. त्याला हवा असतो २५-३५ ला खात्रीनं वाजणारा आणि उगाच न वाजणारा अलार्म. शिवाय ही जीवरक्षणाची जागा आहे. अलार्म वाजला नाही आणि कामगार गुदमरला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न पहिल्या बैठकीतच येतो. अमोनिया हवेत साधारण १५ ते २८ टक्के असताना पेटतो, त्यामुळे काही जागी फ्लेमप्रूफ खोकं आणि त्याची प्रमाणपत्रंही मागतात. नव्या माणसानं पहिलं पाऊल इथे टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पोल्ट्रीचं तसं नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा वाढला की शेडचे पडदे खाली सोडतात, पंखे बंद ठेवतात. खालचं तूस ओलं असलं तर पहाटेपर्यंत आत अमोनिया साचतो. सकाळी शेतकरी आत शिरतो, डोळे चुरचुरले की पडदे वर करतो. पण रोज त्याच हवेत वावरणाऱ्या माणसाच्या नाकाला वास येईनासा होतो आणि पक्षी मात्र रात्रभर तेच हुंगत असतात. २५ पीपीएमच्या वर गेलं की पक्ष्यांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास होतो, वाढ मंदावते, किलोभर वजनामागे लागणारं खाद्य वाढतं. तेव्हा ५ ते १०० पीपीएमची रेंज, २५ च्या आसपास पाचेक पीपीएम इकडे-तिकडे चाललं तरी हरकत नाही, आणि हिरवा-पिवळा-लाल असे तीन दिवे, एवढ्यावर काम भागतं. चूक झालीच तर एखाद-दोन तास जास्त पंखा चालेल, कुणाचा जीव जाणार नाही. तुमच्या सेन्सरनं शिकायला हीच जागा योग्य.

या जागेत तुम्हाला खरी संधीही आहे. आज बाजारात चांगला मानला जाणारा अमोनिया सेन्सर म्हणजे इलेक्ट्रोकेमिकल सेल. तो बहुतेक आयात होतो, काही हजार रुपयांना पडतो आणि त्यात द्रव इलेक्ट्रोलाइट असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, हवा कोरडी ठक्क, अशात तो इलेक्ट्रोलाइट आटत जातो. पोल्ट्रीत अमोनिया सतत असल्यानं सेल लवकर संपतो तो वेगळाच. तुमच्या सेन्सरमध्ये आटण्यासारखं द्रव काहीच नाही. त्याचं बलस्थान हे आहे, १ पीपीएम नव्हे, आणि सादरीकरणाच्या पहिल्या पानावर हेच यायला हवं. अर्थात, मे महिन्यात तो खरंच टिकतो हे दाखवता आलं तर.

आता वीस सेन्सरकडे येऊ. तुम्ही बहुधा मायक्रोपिपेटनं पाचेक मायक्रोलिटरचा थेंब इलेक्ट्रोडवर टाकत असाल आणि तो वाळू देत असाल. थेंब वाळताना आतलं मटेरियल कडेकडे सरकतं. भिंगाखाली धरलंत तर कडेला गडद कडं आणि मधे विरळ थर दिसेल. मग एकाचा विद्युत रोध दोन किलोओहम येतो, शेजारच्याचा वीस. पेपरमध्ये आपण प्रतिसादाला मूळ रोधानं भागतो, म्हणून हा फरक झाकला जातो. सर्किटमध्ये तो झाकत नाही, कारण प्रत्येक सेन्सरला वेगळा लोड रेझिस्टर आणि वेगळं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या गॅसशी रीडिंग जुळवणं) द्यावं लागतं आणि खर्च तिथेच फुगतो. थेंब सोडा. अ‍ॅल्युमिनाच्या पट्टीवर स्क्रीन प्रिंटिंग करून बघा, मास्क लावून स्प्रे करून बघा, किंवा पॉलिअ‍ॅनिलिन थेट इलेक्ट्रोडवरच वाढवा. कोणतीही पद्धत घ्या, पण एकावेळी निदान वीस बनवा, गॅस दाखवण्याआधीच सगळ्यांचा रोध मोजा आणि वहीत लिहा. सरासरीपासून वीस टक्क्यांच्या आत किती बसले, किती फेकावे लागले, हा आकडा कोणताही उत्पादक पहिल्यांदा विचारतो.

दुसरी गोष्ट ओलाव्याची, आणि इथे पॉलिअ‍ॅनिलिनवाल्यांना फार सांभाळावं लागतं. अमोनिया पॉलिअ‍ॅनिलिनमधला प्रोटॉन ओढून घेतो, त्यानं रोध वाढतो; सेन्सर चालतो तो यावर. पण हवेतलं बाष्पही त्याच रोधाशी खेळतं. तुमच्या मोजमापात वाहक वायू म्हणून कोरडा नायट्रोजन असेल तर ते आलेख उत्पादनासाठी बाजूला ठेवा आणि सगळं हवेत पुन्हा मोजा. यासाठी महागडा चेंबर लागत नाही. हवाबंद डब्यात क्षाराचं संपृक्त द्रावण ठेवलं की आतली आर्द्रता ठरलेल्या आकड्यावर स्थिरावते. २५ अंशांना लिथियम क्लोराइडवर साधारण ११ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३, सोडियम क्लोराइडवर ७५ आणि पोटॅशियम सल्फेटवर ९७. चार डबे, चार क्षार, एक इन्क्युबेटर. एवढ्यात मेची दुपार आणि ऑगस्टची झड दोन्ही टेबलावर उभी करता येतात. सेन्सरशेजारी तापमान आणि आर्द्रता मोजणारी साधी चिप लावाच आणि तिच्या आकड्यांवरून दुरुस्तीचं समीकरण बसवा. ही दुरुस्ती म्हणजे काहीतरी लपवाछपवी असं काही संशोधकांना वाटतं. तसं नाही. बाजारातल्या बहुतेक चांगल्या गॅस डिटेक्टरांच्या पोटात ती असते.

डोपंटचंही, म्हणजे मटेरियलला विजेचं वाहक बनवणाऱ्या आम्लाचंही, बघा. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडनं डोप केलेलं पॉलिअ‍ॅनिलिन उष्णतेत हळूहळू आम्ल गमावतं आणि मूळ रोध चढत जातो. कॅम्फर सल्फोनिक किंवा डोडेसिलबेन्झिन सल्फोनिकसारखी मोठ्या रेणूंची आम्लं जास्त टिकून राहतात. प्रतिसाद थोडा कमी झाला तरी चालेल, वर्षभर टिकणारा डोपंट निवडा.

आणि एक गोष्ट पेपरमध्ये जवळजवळ कधीच दिसत नाही. प्रयोगशाळेत आपण पाच मिनिटं गॅस देतो, मग स्वच्छ हवा, पुन्हा गॅस. प्रत्येक वेळी सेन्सर मूळ जागी येतो आणि आलेखात सुंदर टेकड्या दिसतात. पोल्ट्रीत स्वच्छ हवा कधी मिळतच नाही. तिथे रात्रंदिवस दहा-वीस पीपीएम असतंच. साध्या तापमानाला चालणाऱ्या सेन्सरमधून अमोनिया पूर्ण बाहेर पडायला वेळ लागतो, थोडा थोडा साठत जातो आणि बेसलाइन, म्हणजे गॅस नसतानाचं मूळ रीडिंग, सरकते. म्हणून सलग आठवडाभर २० पीपीएममध्ये ठेवून रोज एकदा ४० चा झटका देऊन बघा. सातव्या दिवशीचं ४० हे पहिल्या दिवशीच्या ४० शी जुळतं का? या एका आलेखावर तुमचं बरंचसं भवितव्य ठरेल. जुळत नसेल तर सेन्सरला अधूनमधून हलकी उष्णता देणारा बारीक हीटर लावणं, किंवा छोट्या पंपानं आम्ल मुरवलेल्या कोळशाच्या फिल्टरमधून शुद्ध हवा देऊन शून्य तपासणं, असे मार्ग आहेत. दोन्हींनी किंमत वाढते. ती पेलते का, हे तेव्हाच ठरवा.

खोक्याबद्दल एक बारीकशी पण महागात पडणारी गोष्ट. पाणी आत जाऊ नये म्हणून मुलं हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉन सीलंटची ट्यूब आणतात. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ना, तो अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा. सीलंट सुकेपर्यंत ती वाफ खोक्यात कोंडली जाते आणि पॉलिअ‍ॅनिलिन तिलाही प्रतिसाद देतं. नंतर आठवडाभर रीडिंग का हलतंय हे कळत नाही आणि दोष मटेरियलवर जातो. तुलनेसाठी शेजारी टिन ऑक्साइडचा सेन्सर ठेवला असेल तर त्याला सिलिकॉनची वाफ याहून वाईट, कारण ती त्याच्या पृष्ठभागावर सिलिकाचा थर चढवते आणि सेन्सर कायमचा मंद होतो. रबरी गॅस्केट आणि स्क्रूचं झाकण वापरा. तोंडावर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) सच्छिद्र पडदा लावा, म्हणजे तुसाची धूळ आणि पिसांचा भुगा बाहेर राहील. शेड रिकामी झाल्यावर फॉर्मलिन मारतात, तेव्हा सेन्सर काढून ठेवायचा की आतच झाकायचा हेही आधी ठरवून घ्या.

एवढं सगळं का सांगतोय, ते या क्षेत्राच्या इतिहासावरून कळेल. जपानमध्ये १९६२ साली नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या गॅस सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली फिगारो ही कंपनी सुरू झाली. घराघरांत गॅस सिलिंडर आले होते, गळतीनं स्फोट होत होते. त्यांचा सेन्सर ओलाव्याला हलायचा, एका वायूतून दुसरा नेमका ओळखायचा नाही. तरी तो चालला, कारण घरातल्या बाईला आकडा नको होता, गळती झाली की घंटा हवी होती. कण सहा नॅनोमीटरच्या आसपास आले की टिन ऑक्साइडचा प्रतिसाद एकदम वाढतो, हे जपानी संशोधक यामाझोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडलं. तोवर धंदा दोन दशकं चालू होता. उलट बाजूनं बघा. कार्बन नॅनोट्यूबवर अमोनिया आणि नायट्रोजन डायऑक्साइड ओळखता येतात हे स्टॅनफर्डच्या गटानं २००० साली 'सायन्स'मध्ये दाखवलं. तुमच्याही पेपरमध्ये तो संदर्भ असणार. त्यानंतर हजारो पेपर निघाले, पण नॅनोट्यूबचा गॅस सेन्सर अजून दुकानात सहज मिळत नाही. एकसारखेपणा आणि सरकणारी बेसलाइन, मुख्यतः या दोन कारणांनी.

नॅनोमटेरियलचा सगळ्यात यशस्वी सेन्सर मात्र औषधाच्या प्रत्येक दुकानात आहे आणि त्याला कुणी नॅनो म्हणत नाही. गर्भधारणा तपासायच्या पट्टीवर उमटणारी लालसर रेघ सोन्याच्या नॅनोकणांची असते. कोविडच्या रॅपिड टेस्टमध्येही बहुधा तेच होतं. पट्टी एकदा वापरायची आणि फेकायची, त्यामुळे ड्रिफ्टचा (काळानुसार रीडिंग सरकण्याचा) प्रश्नच येत नाही. उत्तर हो किंवा नाही, त्यामुळे कॅलिब्रेशनची कटकट नाही. सोन्याचा कण हवेत, ओलाव्यात बिघडत नाही. तुमच्या विभागात कुणी पाण्यातल्या जड धातूंवर किंवा मक्या-शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनवर काम करत असेल तर त्यांना सांगा, एकदा वापरायची पट्टी हा बाजारात शिरायचा जास्त सोपा रस्ता आहे. किनवटकडे पाण्यातल्या फ्लोराइडचा त्रास आहे, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.० मिलिग्रॅमची स्वीकार्य आणि १.५ ची कमाल मर्यादा आहे. "या बोअरचं पाणी पिऊ का?" एवढं विचारणाऱ्या माणसाला हो-नाही पुरतं.

ज्या आकड्यावर पैसे हलतात तो आकडा शोधा, असंही मी सगळ्यांना सांगतो. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा ओलावा मोजतात तो प्रसंग आठवा. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची अट असते. २०२४ च्या हंगामात ती केंद्रानं १५ पर्यंत शिथिल केली, तेव्हा केवढा दिलासा वाटला होता! एका मीटरवर १२ आणि दुसऱ्यावर १४ आलं तर शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून थेट रक्कम कापली जाते. तिथे मीटर नॅनोचा आहे का हे कुणी विचारणार नाही. दोन मीटर जुळतात का, हे मात्र सगळेच विचारतील.

हे सगळं करायला पुण्या-मुंबईला जावं लागेल असं समजू नका. तुमच्याच विद्यापीठात रुसा या सरकारी योजनेच्या निधीतून प्रगत सेन्सर तंत्रज्ञानाचं केंद्र उभं आहे. विद्यापीठाच्या आवारातच नायलेट ही इलेक्ट्रॉनिक्सची सरकारी संस्था आहे, सर्किट आणि पीसीबीसाठी तिथल्या माणसांना भेटा. खोक्याच्या साच्यासाठी इंडो-जर्मन टूल रूम आहे, पण पहिले पन्नास नग थ्रीडी प्रिंटवर काढा, साचा इतक्यात करू नका. वाळूजला एन्ड्रेस अँड हाउजरसारखी कंपनी प्रक्रिया उद्योगांसाठी मोजमापाची उपकरणं बनवते. तिथे काम केलेले कितीतरी तंत्रज्ञ शहरात आहेत. अशा एका निवृत्त कॅलिब्रेशन इंजिनिअरला महिन्यातून दोनदा चहाला बोलवा, दहा पेपर वाचून मिळणार नाही एवढं मिळेल. सूक्ष्म इलेक्ट्रोड किंवा हीटरसाठी क्लीन रूम लागली तर आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीमधल्या सोयी बाहेरच्या संशोधकांना वापरू देणारा आयएनयूपी हा सरकारी कार्यक्रम आहे. आयआयटी मुंबईतूनच नॅनोस्निफ ही कंपनी निघाली आणि स्फोटकं हुंगणारं तिचं यंत्र २०२१ साली बाजारात आलं. त्यामागे प्रयोगशाळेतली कितीतरी वर्षं होती, हे धीर सुटायला लागला की आठवा. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोल्ट्रीची माहिती असलेला माणूस गाठा; चाचणीचा आराखडा त्यांच्यासोबत बसून केला तर निष्कर्षांना वजन येतं.

पेटंटबाबत घाई करा. आपल्या कायद्यात स्वतःचा छापलेला पेपरही पुढच्या पेटंटच्या आड येतो. त्याला असलेली सूट फार थोड्या प्रसंगांपुरती आहे. तीन पेपरमधलं मटेरियल आता गेलं असं धरून चला. पण वीस सारखे सेन्सर बनवायची कृती, शून्य तपासायची युक्ती, ओलाव्याची दुरुस्ती, हे अजून छापलेलं नाही आणि धंद्यात किंमतही यालाच जास्त असते. चौथा पेपर पाठवण्याआधी तात्पुरता अर्ज भरा. पूर्ण तपशील द्यायला मग १२ महिने मिळतात. शिक्षणसंस्थांना २०२१ पासून पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे पैशाची अडचण सांगू नका.

पहिल्या प्रोटोटाइपसाठी केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेतून १० लाखांपर्यंत मिळू शकतात आणि त्यासाठी कंपनी काढलेली असावी लागत नाही. शहरातल्या मॅजिक या नवउद्योगांना मदत करणाऱ्या संस्थेकडे आणि विद्यापीठाच्या अटल इन्क्युबेशन सेंटरकडे विचारा, कोणत्या केंद्रातून अर्ज करायचा ते तिथे कळेल. अर्जात बाजारपेठ किती हजार कोटींची आहे हे लिहिण्यापेक्षा कोणत्या दोन शेडमध्ये, कोणत्या महिन्यांत चाचणी घेणार ते लिहा.

राहिला कंपनी की तंत्रज्ञान विकणं हा प्रश्न. नुसता सेन्सिंग एलिमेंट डिटेक्टर बनवणाऱ्यांना विकायचा विचार सध्या सोडा. ते वर्षभराचा डेटा आणि हजारोंच्या संख्येनं पुरवठा मागतात, तुमच्याकडे दोन्ही नाही. पूर्ण उपकरण छोट्या संख्येनं बनवा. ब्रॉयलरमध्ये बरेच शेतकरी कंपनीशी करारावर काम करतात. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. मरतूक आणि खाद्याचा हिशोब दोघांच्याही खिशाला लागतो, पण शंभर शेडचे आकडे एकत्र बघणारा कंपनीचा सुपरवायझर असतो. त्याला भेटा. एका हिवाळ्यात चार शेडमध्ये उपकरण लावा, चारमध्ये लावू नका, आणि बॅच निघाल्यावर दोन्हींकडचं खाद्य, वजन आणि मरतूक शेजारी-शेजारी मांडा. फरक दिसला तर खरेदीचं बोलणं तोच काढेल आणि तेव्हा कंपनी नोंदवायला पंधरवडा पुरतो. मात्र त्याआधी विद्यापीठाशी लेखी ठरवून घ्या: पेटंट कुणाच्या नावावर, गाइडचा आणि तुमचा वाटा किती, विद्यापीठाला विक्रीवर किती टक्के आणि किती वर्षं. संबंध चांगले आहेत तोवरच हे कागदावर येतं.